माझी आई आणि माझ्या मुलीची आजी

वाचकाचे पत्र

माझे वय ६८. आम्ही मूळचे शनिवार पेठेतले, आता कोथरूडला राहतो. २०२४ च्या श्रावणात माझी आई वयाच्या ९३व्या वर्षी गेली. येत्या वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायचे आम्ही ठरवले आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या मुलीने आजीबद्दल चार पाने लिहून दिली. ती वाचून मला रडू आले, पण ते प्रेमाचे रडू नव्हते. तिने लिहिलेली आजी हसरी, गोष्टी सांगणारी, सात वर्षांच्या नातीला बोट धरून टिळक तलावावर पोहायला नेणारी आहे. मला वाढवणारी आई अबोल आणि करडी होती. तिने मला कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही. मी आठवीत असताना मैत्रिणींबरोबर त्याच टिळक तलावावर जाण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिने मला मारले होते. मला आजही पोहता येत नाही.

मुलगी म्हणते, आजी अशी नव्हतीच. भाऊ म्हणतो, पुस्तिकेत चांगले तेवढेच लिहावे. आईचे आणि काकूचे अकरा वर्षे बोलणे बंद होते तेही नको आणि तुझा मारही नको. पानशेतच्या पुरात घर गेल्यामुळे १९६१ पूर्वीचा तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. पुढची सहा वर्षे आम्ही गोखलेनगरला काढली. मुलीच्या मोबाइलमध्ये आजीची नऊ रेकॉर्डिंग आहेत. त्यांत ती वाईच्या लहानपणाबद्दल बोलते आणि आपण कृष्णेत पोहत होतो असेही सांगते, जे मला कधीच ठाऊक नव्हते. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, ८७ वर्षांची आहे आणि वाईलाच असते. भेटायला आलेले सगळे म्हणाले, ‘सोने झाले, पिकले पान होते.’ मग मी रडायचे कुणापुढे? आणि पुस्तिकेत कोणती आई लिहायची?

उत्तर

ताई,

तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिला तुम्ही ओझरता विचारला आहे, म्हणून मी त्यालाच आधी उत्तर देते. ‘सोने झाले’ हे शब्द आपल्याकडे कुणी वाईट हेतूने उच्चारत नाही. ज्यांनी बाळंतपणात गेलेल्या तरण्या बायका आणि देवीने, पटकीने नेलेली मुले पाहिली, त्यांना पतवंडांचे तोंड पाहून गेलेले माणूस खरोखरच भाग्यवान वाटत असे. पणतू झाला की सोन्याची फुले उधळतात, सहस्रचंद्रदर्शनाला ओवाळतात, त्यामागे हाच भाव आहे. एक हजार पौर्णिमा पाहायला जवळजवळ ८१ वर्षे लागतात आणि तुमच्या आईने त्यापुढेही बारा वर्षे काढली. परंतु हे भाग्य गेलेल्या माणसाचे झाले. मागे राहिलेल्याचा हिशेब वेगळा असतो. तुम्ही ६७ वर्षे कुणाची तरी मुलगी होतात. पती, मुले, मैत्रिणी यांपैकी कुणाचाही सहवास तुम्हाला इतका लाभलेला नाही, तेव्हा जे नाते सर्वांत अधिक काळ टिकले ते तुटल्यावर सर्वांत अधिक दुखणार, यात तुमचे काहीच चुकत नाही. पुन्हा कुणी ‘पिकले पान’ म्हणाले तर ‘हो, पण माझी आई होती’ एवढे म्हणावे आणि रडू आले तर खुशाल रडावे.

मात्र तुम्ही स्वतःच लिहिले आहे की मुलीची पाने वाचून आलेले रडू प्रेमाचे नव्हते. हे लिहायला धैर्य लागते. मला वाटते, ते रडू हेव्याचे होते. आपल्या वाट्याला न आलेली आई आपल्याच लेकीच्या वाट्याला भरभरून आली, याचा हेवा. अनेक बायका हे मनात बाळगून असतात आणि बोलत नाहीत, कारण स्वतःच्या मुलीचा हेवा वाटतो असे म्हणणार कसे? तुम्ही म्हटलेत, ते बरे केलेत.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या पत्रातली दोन वाक्ये मला एकमेकांपासून फार लांब पडलेली दिसली, म्हणून मी ती शेजारी आणून ठेवते. पानशेतचा पूर तुमच्या पत्रात आला आहे तो घरात फोटो नसण्याचे कारण म्हणून. टिळक तलाव आला आहे तो तुम्हाला बसलेल्या माराच्या संदर्भात. आता या दोन्हींना तारखा लावून पाहा. १२ जुलै १९६१, बुधवार. बांधकाम पुरते संपलेलेही नसलेले पानशेतचे धरण सकाळी फुटले, त्या पाण्याच्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, मुठेचे पाणी पुलांवरून वाहू लागले आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे बघता बघता खचले. तेव्हा तुमची आई ३० वर्षांची होती आणि तुम्ही चार वर्षांच्या. त्या दिवशी चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ती कुठून कुठे गेली, किती पाण्यातून गेली, मागे वळून तिने काय पाहिले, हे तुम्हाला कुणी सांगितले आहे का? तुमच्या पत्रात तरी ते नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९७० च्या सुमारास, तीच मुलगी पाण्यात उतरायचे म्हणाली आणि त्या बाईचा हात उठला.

हे माझे अनुमान आहे, निर्णय नव्हे. मुलींनी चारचौघांत पोहायला जाऊ नये, ही त्या काळच्या अनेक घरांतली समजूत हेही कारण असू शकते. घरात पैसे नसतील, त्या दिवशी तिचे दुसऱ्याच कशावरून बिनसले असेल. पण वाईच्या कृष्णेत पोहणारी मुलगी आपल्या लेकीला तलावाच्या वाटेलाही जाऊ देत नाही, आणि पंचवीस वर्षांनी नातीला मात्र स्वतः बोट धरून तिथेच नेते, या तीन गोष्टी एकाच बाईच्या आहेत आणि त्यांच्या मध्ये एक पूर आहे, हे विसरून तिच्याबद्दल काहीही लिहिले तरी ते अर्धेच राहील. १९९५ मध्ये चौसष्ट वर्षांची ती बाई टिळक तलावाच्या काठावर बसून नातीचे हातपाय मारणे पाहत असेल, तेव्हा तिच्या मनात काय चालले असेल, याचा मी दोन दिवस विचार करते आहे. पाणी येणारच असेल तर पोहता येणारी मुलगी वाचते, असा काही हिशेब तिने मधल्या काळात मनाशी केला असेल का? मला सांगता येणार नाही. पण हा प्रश्न पुस्तिकेत असायला हवा, असे मला फार वाटते.

यात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. कारण कळले म्हणजे मार बसलाच नव्हता असे होत नाही. आईचे दुःख समजले की मुलीने आपली तक्रार मुकाट्याने मागे घ्यावी, ही अपेक्षा आपल्याकडे फार लवकर केली जाते आणि ती करणाऱ्यांत पुष्कळदा आपण स्वतःच असतो. तेरा वर्षांच्या मुलीला पुराचे भय सांगून समजावता आले असते. तुमच्या आईने ते केले नाही. तिला ते शब्दांत मांडता येत नव्हते, किंवा स्वयंपाक, पाणी भरणे आणि रेशनची रांग यांतून तिला तेवढी उसंत नव्हती, हे खरे असले तरी तुम्हाला लागले हेही खरेच आहे. दोन्ही राहू द्या.

म्हणून माझा सल्ला असा की, सर्वांच्या आठवणी एकत्र घोटून एकच चित्र काढण्याच्या भानगडीत पडू नका. तुमची मुलगी म्हणते, ‘आजी अशी नव्हतीच.’ तिच्या बाजूने ते बरोबर आहे, कारण तिला भेटलेली बाई साठीच्या जवळ आलेली होती, लेकरे मार्गी लागलेली होती, घरात गॅस आणि चोवीस तास नळ होता आणि कुणाची वाट पाहत बसायला तिच्याजवळ अख्खी दुपार मोकळी होती. तुम्हाला भेटलेली बाई सव्वीस वर्षांची होती. तुम्ही जाणत्या होईपर्यंत तिचे घर वाहून गेले होते आणि पुन्हा चमच्या-वाटीपासून संसार उभारायचा होता. मावशींना भेटलेली मुलगी तर परकरी होती. तिघींनी तीन वयांतली एकच बाई पाहिली. तेव्हा पुस्तिकेतही तीन लेखन वेगवेगळी ठेवा, प्रत्येकाच्या वर लिहिणारीचे नाव आणि वर्षे घाला आणि त्यांतली विसंगती मिटवायला जाऊ नका. मुलीच्या चार पानांतला एकही शब्द तुम्ही बदलू नका. तिनेही तुमच्या पानांतला बदलू नये. वाचणाऱ्याला त्या विसंगतीतच तुमची आई दिसेल.

माराचा प्रसंग लिहावा का? माझ्या मते लिहावा, पण दोन ओळींत, एकही विशेषण न लावता. ‘मी आठवीत असताना टिळक तलावावर जाण्याचा हट्ट धरला म्हणून आईने मला मारले. पंचवीस वर्षांनी तिने माझ्या मुलीला स्वतः तिथे नेले.’ एवढे पुरे आहे. यापुढे क्षमाही लिहू नका आणि तक्रारही लिहू नका.

काकूंशी अकरा वर्षे धरलेला अबोला मात्र गाळावा, आणि इथे मी तुमच्या भावाच्या बाजूची आहे. तो प्रसंग खोटा म्हणून नव्हे, तर त्यातली दुसरी बाजू या पुस्तिकेत बोलू शकणार नाही म्हणून. काकूंची मुले, सुना ही पुस्तिका वाचतील आणि त्यांना उत्तर द्यायला पानच नसेल. आईने तुम्हाला मारले, ती गोष्ट तुमची आहे आणि ती सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. जावाजावांचे भांडण त्या दोघींचे होते. ते घरात, मुलीला, सवडीने सांगावे.

भावाच्या ‘चांगले तेवढेच’ या म्हणण्यातला दुसरा धोका त्यांना समजावून सांगा. अशा स्मरणपुस्तिका माझ्याकडे अनेकदा येतात आणि त्यांत प्रत्येक आई प्रेमळ, कष्टाळू, सोशीक आणि सुगरण असते. फोटो बदलला तर कुठलीही पुस्तिका कुठल्याही घराला चालेल. तुमच्या भावाला आईचा गौरवच करायचा आहे ना, मग त्यांना सांगा की प्रत्येक विशेषण खोडून त्याच्या जागी एक प्रसंग लिहा. कष्टाळू म्हणजे काय, तर १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी येत असे, तिच्या भाकऱ्या तुमच्या घरात कशा व्हायच्या आणि त्या कोण खायचे, कोण ताटात टाकून द्यायचे. सुगरण म्हणजे काय, तर तिच्या एखाद्या पदार्थाची नेमकी कृती. तिथे एक लहानशी पण महत्त्वाची सूचना करते. तिची मापे तिच्या वाटीची आणि तिच्या मुठीची असणार, म्हणून तिची वाटी अजून घरात असेल तर ती आधी हुडका, तिच्यात डाळ आणि पीठ भरून वजनकाट्यावर तोला आणि ग्रॅममध्ये लिहा. नाहीतर पुढच्या पिढीत कुणीही करायला घेतले तरी ‘आजीसारखे झाले नाही’ असेच म्हणावे लागेल, आणि दोष फक्त वाटीचा असेल.

आता नावाचे. तुमच्या पत्रात आईचे नाव आले नाही, ते साहजिक आहे, पण पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ते येईल आणि ते सासरचेच येईल, असा माझा अंदाज आहे. तिच्या काळी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहीत आणि त्या घटकेपासून माहेरचे नाव माहेरच्या उंबरठ्याच्या आतच राहत असे. तिचे नाव बदलले असेल तर दोन्ही नावे छापा, आधी माहेरचे. आयुष्याची पहिली १९ वर्षे, किंवा लग्न ज्या वयात झाले असेल तोवरची वर्षे, तिला त्याच नावाने हाका मारल्या गेल्या होत्या. कृष्णेत उडी मारणाऱ्या मुलीचे नाव तेच होते.

फोटोबद्दल तुम्ही आशा सोडली आहे, ती इतक्यात सोडू नये. पुराने शनिवार पेठेतली प्रत नेली. लग्नाच्या फोटोची एक प्रत माहेरी पाठवण्याची रीत अनेक घरांत होती आणि वाईतल्या ट्रंकेत पानशेतचे पाणी शिरलेले नाही. मावशींच्या घरी, मामांच्या मुलांकडे, करवल्या म्हणून मिरवलेल्या कुणाकडे विचारा. वाईतली तिची शाळा चालू असेल तर तिथले जनरल रजिस्टर पाहण्याची विनंती करता येते. त्यात जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण यांचे रकाने असतात. त्या कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते तुमच्या मुलीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असे मला वाटते.

या सगळ्याआधी, म्हणजे हे उत्तर वाचून होताच, मोबाइलमधल्या त्या नऊ रेकॉर्डिंगच्या प्रती करून घ्या: एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक भावाकडे. माझ्या आईचा आवाज असलेली एक कॅसेट आमच्याकडे होती. तिच्यावर नंतर घरातल्याच कुणीतरी गाणी टेप केली. ती गाणी आमच्याकडे अजून आहेत. मोबाइल पडतो, हरवतो, बदलला जातो. तुम्ही एक आठवडाही थांबू नका.

प्रती झाल्या की ती रेकॉर्डिंग शब्दशः उतरवून घ्या. ती जसे बोलली तसेच लिहा, प्रमाण भाषेत आणू नका, मध्येच थांबली असेल तर तेही नोंदवा. एखादी ओवी तिने म्हटली असेल तर ती कुणाकडून शिकली तेही शोधून लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या जमवताना गाणारणीचे नाव आणि गावही टिपले. त्यामुळे ती ओवी निनावी लोकसाहित्य न राहता अमुक गावच्या अमुक बाईची राहिली. तुमच्या घरातही तेवढी काळजी घेता येईल.

ही रेकॉर्डिंग ऐकताना एक शंका तुम्हाला येईल आणि तिने तुम्हाला टोचू नये म्हणून आधीच सांगते. त्यांत वाई पुष्कळ असेल आणि तुम्ही फार थोड्या असाल. म्हाताऱ्या माणसाला विचारले तर आठवणी सर्वांत दाट येतात त्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या; हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. तुमची आई ३० वर्षांची झाली आणि पूर आला. त्यानंतरची वर्षे, म्हणजे नेमकी तुमच्या बालपणाची, तिने नातीला सांगितली नाहीत, याचा अर्थ ती तिला प्रिय नव्हती असा घेऊ नका.

आणि शेवटचे काम, जे खरे तर पहिले आहे. ९३ वर्षांच्या आयुष्याची सुरुवात पाहिलेले आता एकच माणूस उरले आहे आणि त्या माणसाचे वय ८७ आहे. तुमच्याकडे श्रावणापर्यंत वेळ आहे, पण पाऊस सुरू व्हायच्या आत, मुलीला बरोबर घेऊन, वाईला जाऊन या. स्वारगेटहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. दोन दिवस राहायच्या तयारीने जा, म्हणजे मावशींना थकल्यावर थांबता येईल. ‘आईबद्दल काहीतरी सांगा’ असे विचारू नका. अशा प्रश्नाला ‘फार चांगली होती गं’ याखेरीज उत्तर मिळत नाही. लहान लहान गोष्टी विचारा. वाईच्या सात घाटांपैकी त्या कोणत्या घाटावर पोहायच्या, कृष्णाबाईच्या उत्सवात कोणत्या आळीत असायच्या, पोहायला कुणी शिकवले, पाठीला भोपळा बांधत की डबा, परकराचा काचा मारून उतरत की कसे, धोमचे धरण होण्याआधी उन्हाळ्यात नदीला पाणी किती असे, घरी कळल्यावर कोण रागावले. उत्तर येऊ लागले की मध्ये बोलू नका, आणि त्या गप्प झाल्या तरी लगेच पुढचा प्रश्न विचारू नका.

मुलीचे विचारून झाले की एक प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. पुरानंतर आई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा, किंवा त्यानंतर कधीही, ती पुन्हा नदीत उतरली होती का?